आरंभरेषेचा न्याय

इंदुरात डेली कॉलेज १८८२ साली आणि होळकर कॉलेज १८९१ साली सुरू झाले. आंग्ल पद्धतीच्या अशा संस्थांबरोबर वार्षिक क्रीडासामन्यांची प्रथाही आपल्याकडे रुजली. चुन्याच्या फक्कीने आखलेली धावण्याची आरंभरेषा आज प्रत्येक शाळेच्या परिचयाची आहे. रेषा साधी दिसते. परंतु तिचा इतिहास सुमारे अडीच हजार वर्षांचा आहे.

प्राचीन ग्रीसमध्ये ऑलिंपियाच्या मैदानावर आरंभी दगडी शिळा बसविलेल्या होत्या व त्यांतील खाचांत धावपटू पायाची बोटे रोवीत. पुढे काही ठिकाणी दोरांच्या साहाय्याने सर्वांपुढील अडसर एकदम पाडण्याची युक्ती निघाली. वेळेआधी सुटणारास फटके बसत. या साऱ्या खटाटोपाचा हेतू एकच, की कोणासही आगाऊ लाभ मिळू नये. आरंभरेषा जन्मली ती न्यायासाठी.

मध्यम पल्ल्याच्या शर्यतीत मात्र तेवढ्या न्यायाने भागत नाही. १०० मीटरांच्या धावण्यात प्रत्येकास स्वतंत्र मार्गिका असते. १५०० मीटरांत सर्वजण एका वक्र रेषेवरून सुटतात आणि आतली कड गाठण्यासाठी एकाच जागेकडे झेपावतात. मार्गिकेची प्रमाणित रुंदी १.२२ मीटर, म्हणजे आठ मार्गिकांची ९.७६ मीटर. तेथे बारा जण उभे केले तर प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे ८१ सेंटिमीटर येतात. वीस मुले उभी केली तर अवघे ४९. मग कोपरास कोपर लागते, पायात पाय अडकतो आणि पडलेल्या मुलावर मागची रांग येऊन आदळते.

अनुभवाने नियम शहाणे झाले. ८०० मीटरांत पहिले वळण आपापल्या मार्गिकेतून घ्यावे लागते. लांब शर्यतीत बारांहून अधिक धावपटू असल्यास सुमारे एकतृतीयांशांना बाहेरच्या अर्ध्या भागात वेगळी रेषा देता येते. अमेरिकेतील शालेय नियमांत तर गटाने सुटणाऱ्या शर्यतीत पहिल्या १०० मीटरांत धक्क्याने कोणी पडल्यास सर्वांस परत बोलावतात.

कायद्याची दृष्टीही हीच आहे. शिक्षकाने दक्ष पित्याइतकी काळजी घ्यावी, हे तत्त्व १८९३ च्या विल्यम्स विरुद्ध ईडी या इंग्लिश दाव्यात सांगितले गेले. १९९५ साली शालेय सहलीतील १४ मुले बियास नदीत बुडाली. त्या प्रकरणी २००१ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाईचे दायित्व कायम केले. मैदानावर उतरणारा प्रौढ धोका जाणून पत्करतो, असे म्हणता येईल. बारा वर्षांच्या मुलाच्या वतीने तो विचार शाळेनेच करावयाचा असतो.

त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. मुले फार असतील तर दोन फेऱ्या कराव्यात, रेषा वक्र आखावी, आणि पहिल्या वळणाशी शर्यत थांबविण्याचा अधिकार असलेला एक शिक्षक शिट्टी घेऊन उभा ठेवावा. वेळापत्रक दहा मिनिटे लांबेल. परंतु रेषेवर उभे राहिलेले प्रत्येक मूल निदान पहिल्या वळणापर्यंत आपल्या पायांवर पोहोचेल.