आपलं दुखणं आपल्या पडद्यावर

पालीला गटाच्या बैठकीत परवा एकीने विचारलं, "मोबाइलवर साऱ्या जगाचे सिनेमे दिसतात. मग देशाला स्वतःचे सिनेमे हवेत कशाला?" प्रश्न साधा होता, पण उत्तरासाठी आम्हाला शंभर वर्षं मागे जावं लागलं.

दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा परदेशी चित्रपट पाहिला. आपले राम-कृष्ण पडद्यावर कधी दिसणार, या विचाराने त्यांची झोप उडाली. विम्याची पॉलिसी गहाण पडली, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले. ३ मे १९१३ रोजी गिरगावात 'राजा हरिश्चंद्र' लागला. फिल्मच्या कडेला भोकं पाडणं, ती रसायनात धुणं आणि वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाक, हे सगळं सरस्वतीबाईंनी केलं. तरी पडद्यावरची तारामती मात्र पुरुषच होता, अण्णा साळुंके. बायका कामाला मिळाल्याच नाहीत. मग 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई पुढे आल्या.

पुढे आपल्याकडच्या थिएटरांत अमेरिकेचे चित्रपट भरून गेले. त्यांत घोडे होते, मारामाऱ्या होत्या, पण आपला शेतकरी नव्हता. १९२५ साली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' काढला. कर्जापायी जमीन गेलेला शेतकरी शहरात मजुरीला जातो, अशी ती गोष्ट. बायांनो, उचल घेऊन कारखान्याकडे कोयता घेऊन निघालेल्या आपल्या जिल्ह्याला ती वेगळी सांगायला हवी का? परदेशातल्या माणसाला हे सुचणारच नव्हतं, कारण त्याच्या दारात सावकार आलेला नव्हता.

१९३७ चा 'कुंकू' घ्या. मामाच्या घरी वाढलेल्या नीराचं लग्न फसवून एका म्हाताऱ्याशी लावतात. ती रडत बसत नाही. "हे लग्न मी मानत नाही," या हट्टावर ती त्याच घरात ठाम उभी राहते. शांता आपट्यांनी ती उभी केली. जे माजघरात कुजबुजायचं, ते भरल्या थिएटरात मोठ्याने बोललं गेलं, तेही आपल्या भाषेत.

दुसरा फायदा पोटाचा. 'कुंकू' काढणारी प्रभात कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. तिथे नट-नट्यांबरोबर सुतार, रंगारी, शिंपी, वाजवणारे यांनाही काम मिळालं. सिनेमा बाहेरून आला की तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा बाहेर जातो. इथे तयार झाला की कितीतरी चुली पेटतात.

आपला सिनेमा म्हणून सगळाच चांगला, असं मात्र नाही. बाईला नुसती सोसणारी नाहीतर नाचणारी दाखवणारे चित्रपटही आपल्याच लोकांनी काढले. पण ते आपले आहेत, म्हणूनच आपण त्यांच्याशी भांडू शकतो.

तेव्हा पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब लवकर उरकून 'कुंकू' सगळ्या मिळून पाहू. मग प्रत्येकीने सांगायचं, नीराच्या जागी आपली लेक असती तर आपण कुणाच्या बाजूने उभ्या राहिलो असतो?