सनद, तैनातजाबता आणि हजेरी

इ. स. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून साताऱ्यास परतला, तेव्हा त्याने शाहू महाराजांपुढे जे जे रुजू केले त्यात मातुःश्री येसूबाईंच्या सुटकेखालोखाल चौथाई, सरदेशमुखी आणि स्वराज्य या तीन हक्कांच्या बादशाही सनदांना मोल होते. वास्तविक दक्षिणेच्या सुभ्यांत मराठ्यांच्या फौजा त्यापूर्वी कित्येक वर्षे चौथ वसूल करीतच होत्या. मग कागदासाठी एवढा खटाटोप का, असा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे, की तलवारीच्या धाकाने घेतलेला पैसा दर साल नव्या धाकानेच घ्यावा लागतो; सनदेने आलेला हक्क मात्र रयत, जमीनदार आणि अंमलदार या तिघांनाही, निदान तत्त्वतः, मान्य करावा लागतो. शिवाय त्या सनदा एकतर्फी नव्हत्या. चौथाईच्या मोबदल्यात पंधरा हजार स्वारांनिशी बादशाही चाकरी करावी आणि सरदेशमुखीच्या, म्हणजे वसुलाच्या दहाव्या हिश्शाच्या, मोबदल्यात मुलखाचा बंदोबस्त राखावा, अशी दायित्वे त्यांत होती. हक्क आणि चाकरी यांची ही गाठ सुटली की सनदेचे काय होते, याचा इतिहास सातारा आणि सांगली या कृष्णाकाठच्या दोन जिल्ह्यांत जितक्या स्पष्टपणे वाचावयास मिळतो तितका अन्यत्र क्वचितच मिळेल. आणि तो आज वाचण्याचे एक निकडीचे कारण आहे, ते पुढे येईल.

पटवर्धनांचे मिरज, तासगाव आणि इ. स. १८०१ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेबांनी चुलत्यापासून विभक्त होऊन राजधानी केलेले सांगली, ही सारी ठाणी सरंजामाची. सरंजाम म्हणजे इनाम नव्हे. इनाम उपभोगासाठी, सरंजाम फौजेच्या बेगमीसाठी. सरदाराने किती स्वार बाळगावयाचे, त्यांच्या खर्चास नेमणूक किती आणि ती कोणत्या महालांच्या वसुलातून घ्यावयाची, याची तपशीलवार याद सरकारातून त्याच्या हाती दिली जाई. तिलाच तैनातजाबता म्हणत. सनद सरदाराचा मान सांगे, तैनातजाबता त्याचे कर्तव्य सांगे, आणि ते कर्तव्य खरोखर पार पडते की नाही हे गणतीच्या दिवशी, घोडी आणि माणसे डोळ्यांपुढे उभी करून, ठरत असे.

खोट शिरली ती याच गणतीत. हा रोग मराठ्यांच्या दौलतीपुरताच मर्यादित नव्हता. अकबराच्या काळचा इतिहासकार बदायुनी याने लिहून ठेवले आहे, की मनसबदार गणतीच्या दिवशी उसन्या घोड्यांवर चाकरनफरांना बसवून आणीत, आकडा भरून दाखवीत, आणि जहागीर पदरात पडली की ती घोडी आणि माणसे जिथल्या तिथे परत करीत. यावर उपाय म्हणून घोड्यास डाग द्यावयाचा आणि स्वाराचा चेहरा, म्हणजे त्याच्या अंगावरच्या खुणा, वहीत नोंदवावयाचा, असा प्रघात पडला. त्यामागील बुद्धी मोठी सूक्ष्म आहे. माणूस आणि कागद यांची ताटातूट होऊ शकते हे ओळखून, कागदावरच्या नावास हाडामांसाच्या देहाशी पुन्हा बांधून टाकण्याचा तो प्रयत्न होता. पेशवाईच्या अखेरीस दक्षिणेतील जहागीरदार महाल पूर्ण खात आणि चाकरीस टाळाटाळ करीत, ही दुसऱ्या बाजीरावाची तक्रार होती. तिच्यातून इ. स. १८१२ मध्ये इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनच्या मध्यस्थीने पंढरपूरचा ठराव झाला, त्याचा गाभा एवढाच, की जहागीरदारांनी तैनातजाबत्याप्रमाणे चाकरी करावी आणि सनदेवाचून बळकावलेला मुलूख सोडून द्यावा. बाजीरावाचा हेतू शुद्ध होता असे मी म्हणणार नाही. परंतु मागणी मात्र रास्त होती.

दुसरी खोट सनद घेणाऱ्याची नव्हे, देणाऱ्याची. पेशव्याची वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडून यावयाची हा नियम शाहू महाराजांच्या निधनानंतरही अबाधित राहिला. परंतु ज्या गादीने वस्त्रे द्यावयाची, ती गादीच किल्ल्यावर नजरबंद झाली होती. नारायणरावाच्या वधानंतर इ. स. १७७३ मध्ये रघुनाथरावास वस्त्रे आली. दुसऱ्याच वर्षी ती अवघ्या काही आठवड्यांच्या सवाई माधवरावास आली. इ. स. १७९६ मध्ये तासगावकर परशुरामभाऊ पटवर्धनांनी चिमाजी आप्पास पुढे केले, तेव्हा साताऱ्याहून वस्त्रे आली. वर्ष संपण्यापूर्वी बाजीरावाची बाजू वर आली, तेव्हा पुन्हा साताऱ्याहूनच त्याच्यासाठी वस्त्रे आली. एकाच वर्षात दोन सख्ख्या भावांना एकाच पदाची वस्त्रे! यात छत्रपतींचा दोष काढणे अन्यायाचे होईल, कारण त्यांना नकार देण्याची मुभाच नव्हती. पण ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होय म्हणण्यास वजन राहत नाही, हे साताऱ्याच्या गादीच्या दुर्दैवाने सिद्ध झाले. कुळकर्ण वतनात नाव वतनदाराचे आणि लेखणी गुमास्त्याची, ही तिसरी तऱ्हा तर गावोगाव होती. १८७४ च्या वतन कायद्याने तिला शिस्त लावण्याचा यत्न केला, आणि १९५० च्या कायद्याने ती वतनेच खालसा झाली.

आता या काळातील सरंजामाकडे वळू. संगणकाची यंत्रे, सर्व्हर, फायरवॉल आणि त्यांवरील प्रणाली बनविणाऱ्या परदेशी कंपन्या आपला माल कराड, इस्लामपूर किंवा विट्यास स्वतः येऊन विकीत नाहीत. त्या डीलर नेमतात, आणि डीलरास पार्टनर म्हणून सनद देतात. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात या पद्धतीला आजचे रूप आले. मायक्रोसॉफ्टने १९९२ च्या सुमारास आणि सिस्कोने १९९३ मध्ये तंत्रज्ञांच्या परीक्षा सुरू केल्या, आणि हळूहळू असा दंडक पडला की ज्या पेढीच्या पदरी अमुक इतके परीक्षा उत्तीर्ण झालेले तंत्रज्ञ असतील तिलाच गोल्ड, सिल्व्हर इत्यादी दर्जा मिळावा. दर्जाप्रमाणे खरेदीत सूट, मोठ्या सौद्यात विशेष भाव आणि निविदा भरण्यास लागणारे कंपनीचे पत्र मिळते. यात आणि सरंजामात तत्त्वतः भेद नाही. दर्जा ही सनद, प्रमाणित तंत्रज्ञांची संख्या हा तैनातजाबता.

या प्रमाणपत्रांचे मोल मी मुळीच कमी लेखीत नाही. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या, पण पुण्यामुंबईत कोणी ओळखीचे नसलेल्या मुलास सिस्कोची अवघड प्रात्यक्षिक परीक्षा उत्तीर्ण होऊन जगातील कोणत्याही बाजारपेठेत ताठ मानेने उभे राहता येते, ही लहान गोष्ट नव्हे. त्या परीक्षेस ना जात ठाऊक असते, ना वशिला. आणि गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिले तर सहकारी बँकेच्या किंवा साखर कारखान्याच्या संचालक मंडळास फायरवॉलची परीक्षा स्वतः करता येत नाही. कोणाच्या तरी प्रमाणावर विसंबल्यावाचून गत्यंतर नसते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्लेखोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये लांबविले आणि त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट जाहीर केली. तेव्हापासून जिल्ह्याच्या ठिकाणच्या बँकांनाही हा प्रश्न दूरचा राहिलेला नाही. ठेवीदाराचे पैसे ज्या यंत्रावर आहेत ते कोणाच्या हाताने बसविले, हे जाणण्याचा अधिकार ठेवीदारास आहे.

आणि नेमके येथेच उसने घोडे पुन्हा दिसू लागतात. प्रमाणपत्र व्यक्तीचे, दर्जा पेढीचे. या दोहोंमधील फटीतून सारा गैरवापर शिरतो. नोकरी सोडून गेलेल्या तंत्रज्ञाचे नाव यादीवर राहू दिले जाते. दुसरीकडे काम करणाऱ्याचे प्रमाणपत्र वार्षिक मोबदल्यावर आपल्या नावाशी जोडले जाते. परीक्षेतील प्रश्न चोरून पाठ करून प्रमाणपत्र मिळविले जाते, आणि तोतया बसवून परीक्षा देववली जाते. निविदेत नाव एकाचे, आणि बसवणीच्या दिवशी दारात उभा राहतो तो सहा महिन्यांचा अननुभवी मुलगा. त्या मुलाचा मला राग येत नाही. त्याला शिकविल्यावाचून जोखमीच्या कामावर धाडणाऱ्या मालकाचा येतो. प्रमाणपत्र भाड्याने देणारा तंत्रज्ञही निर्दोष नाही, कारण रात्र रात्र जागून ज्यांनी तीच परीक्षा खरोखर दिली त्यांच्या श्रमाचे मोल तो उतरवीत असतो.

कंपन्यांकडे मात्र साताऱ्याच्या बंदिवान गादीसारखी सबब नाही. त्यांना नकार देता येतो. अडचण इतकीच, की ज्याला दर्जा द्यावयाचा तोच त्यांचा माल खपविणारा असल्यामुळे नकार तोट्याचा पडतो. त्यांनी काही चेहरेवह्या सुरू केल्या आहेत हे मान्य केले पाहिजे: प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीने बाद होतात, परीक्षाकेंद्रावर ओळख पडताळतात, आणि प्रमाणपत्र खरे की खोटे हे कोणासही इंटरनेटवर पाहता येते. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये गोल्ड-सिल्व्हर ही जुनी बिरुदेच रद्द करून प्रमाणित माणसांबरोबर गिऱ्हाइकाकडील प्रत्यक्ष कामगिरीचेही मोजमाप आरंभले. दिशा योग्य आहे, परंतु पुरेशी नाही, कारण मोजमाप अखेर विक्रीकडेच झुकते.

म्हणून सातारा-सांगलीच्या बँका, कारखाने, नगरपालिका आणि शिक्षणसंस्था यांच्या चालकांना माझी विनंती आहे, की त्यांनी पार्टनरच्या दर्जाचे चकचकीत पत्र पाहून समाधान मानू नये. जो तंत्रज्ञ प्रत्यक्ष काम करणार त्याचे नाव आणि प्रमाणपत्राचा क्रमांक करारनाम्यात लिहून घ्यावा, तो क्रमांक कंपनीच्या नोंदीशी स्वतः पडताळून पाहावा, बसवणीच्या दिवशी आणि पुढे बिघाडाच्या प्रसंगी तोच माणूस हजर राहील अशी अट घालावी, आणि तो न आल्यास बिलातून रक्कम कापावी.