ड्रोनला मोठे पंखे लावले की मोटर का तापते?

घरी जोडलेला क्वाडकॉप्टर वजन उचलत नसेल, तर अनेकांना पहिला उपाय सुचतो तो मोठे पंखे लावण्याचा. ड्रोन उचललाही जातो, पण थोड्याच वेळात मोटरला हात लावणं अवघड होतं. दोष मोटरचा नसतो. पंखा, मोटर आणि फ्रेम यांची जोडी जमलेली नसते.

पंख्यावरचे आकडे

‘५×४.३×३’ म्हणजे व्यास ५ इंच, पिच ४.३ इंच आणि पाती तीन. स्क्रू एका फेऱ्यात लाकडात ठरावीक अंतर आत जातो. तसा पंखा एका फेऱ्यात किती पुढे सरकेल, याचं माप म्हणजे पिच. हवा लाकडासारखी घट्ट नसल्याने प्रत्यक्षात तो कमीच सरकतो. जास्त पिचने कमाल वेग वाढतो, पण मोटरवर ताण येतो. तीन पात्यांनी वळणावर पकड चांगली मिळते, तर दोन पात्यांचा पंखा बॅटरी वाचवतो.

एक इंच किती महाग पडतो?

फेऱ्यांचा वेग तोच ठेवला, तर पंख्याचा जोर व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो आणि लागणारी शक्ती पाचव्या घाताने. म्हणजे ५ इंचांऐवजी त्याच घडणीचा ६ इंचांचा पंखा लावला, तर जोर साधारण दुप्पट होतो, पण शक्ती जवळपास अडीचपट लागते. मोटर तो वेग गाठायला जास्त करंट ओढते आणि तापते.

मोठा पंखा वाईट असतो, असं मात्र नाही. तेवढंच वजन तो सावकाश फिरून, कमी विजेत उचलतो. म्हणून लांब पल्ल्याच्या ड्रोनना अनेकदा ७ इंचांचे पंखे असतात. पण त्यांना कमी ‘केव्ही’ची, म्हणजे दर व्होल्टला कमी फेरे घेणारी मोटर लागते. शिवाय जड पंख्याचा वेग पटकन बदलत नाही, त्यामुळे ड्रोन थोडा सुस्त वाटतो.

फ्रेमचं काम

‘एक्स’ फ्रेममध्ये चारही मोटर मध्यापासून सारख्या अंतरावर असतात, म्हणून ड्रोन पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे जवळपास सारखाच झुकतो. ‘डेडकॅट’ फ्रेमचे पुढचे हात बाजूला फाकलेले असतात, त्यामुळे व्हिडिओत पंखे दिसत नाहीत.

फ्रेम ताठ हवी, म्हणून कार्बन फायबर वापरतात. हात लवचिक असला किंवा स्क्रू सैल असला, तर थरथर जायरो सेन्सरपर्यंत पोहोचते. फ्लाइट कंट्रोलरला वाटतं ड्रोन हलतोय, आणि तो मोटरचा वेग सतत कमी-जास्त करत राहतो. पंखे योग्य असूनही मोटर तापण्याचं हे एक कारण आहे.

उडवण्याआधी

- पात्याची कड तुटली किंवा वाकली असेल, तर पंखा बदला.
- दोन पंखे घड्याळाच्या दिशेने, दोन उलट फिरतात. त्यांची अदलाबदल झाली तर ड्रोन जमिनीवरच उलटतो.
- घरात मोटर तपासताना पंखे काढून ठेवा.
- नवे पंखे लावल्यावर अर्धा मिनिट उडवा, उतरवा, बॅटरी काढा आणि मोटरला जपून बोट लावून पाहा. चटका बसला तर जोडी चुकली आहे.
- मोठ्या फ्रेमने वजन वाढतं. भारतात २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ वर्गात येतो, त्यावर गेला की वर्ग आणि नियम बदलतात.