क्रोशाच्या सुईवर तगलेली घरे

१/ १८४५ मध्ये आयर्लंडच्या बटाट्यावर करपा पडला आणि गरिबांचे मुख्य अन्नच नाहीसे झाले. पुढील काही वर्षांत उपासमार व रोगराईने सुमारे दहा लाख माणसे दगावली.

२/ त्या काळात कॉर्कच्या ख्रिस्ती जोगिणींनी मुलींना क्रोशाचे विणकाम शिकवले. क्लोन्स गावी ते १८४७ मध्ये कॅसंड्रा हँड यांनी रुजवले.

३/ भांडवल म्हणजे एक सुई आणि सूत. एका घरी गुलाब, दुसऱ्या घरी शॅमरॉकची त्रिदळे विणली जात; मग हे तुकडे जाळीने सांधून लेस पूर्ण होई. या कमाईतून कुणाचे थकलेले भाडे फिटले, कुणाचे अमेरिकेचे तिकीट निघाले.

४/ संग्रहालयात आयरिश क्रोशा दिसला, तर त्यातले सांधे निरखून पाहा. प्रत्येक फूल बहुधा निराळ्या स्त्रीच्या हातचे असते; नाव मात्र एकीचेही नसते.