वाचनाची वही : एका साधनाची तपासणी

मराठी वाङ्मयाच्या इतिहासलेखनात ग्रंथ आहे, ग्रंथकार आहे, नियतकालिके आहेत, क्वचित मुद्रक-प्रकाशकही आहेत. वाचक मात्र नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या काळातील मराठी मुद्रित ग्रंथांची सूची सिद्ध केली. एका माणसाच्या हातून झालेल्या त्या प्रचंड कामाचे ऋण मराठीच्या प्रत्येक अभ्यासकावर आहे. परंतु दाते यांनी मोजले ते छापलेले. वाचलेले कोणीच मोजले नाही. वाचककेंद्री समीक्षेची चर्चा आपल्याकडे सुरू झाल्यालाही आता बराच काळ लोटला. पण या चर्चेतील वाचक हा बहुधा इझरचा अभिप्रेत वाचक असतो, म्हणजे संहितेनेच आपल्या पोटात कल्पिलेला. अमुक गावी, अमुक वर्षी, दिव्याच्या उजेडात बसून अमुक ग्रंथ उघडणारा हाडामांसाचा वाचक या चर्चेत सहसा शिरत नाही.

त्याला शिरकाव करून द्यायचा तर साधने कोणती, असा प्रश्न साहजिकच येतो. ग्रंथालयांच्या देवघेवीच्या वह्या आहेत, पण पुस्तक नेणे म्हणजे वाचणे नव्हे, हे कोणताही ग्रंथपाल हसून सांगेल. पत्रे व आत्मचरित्रे आहेत, पण त्यांतील वाचनाचे उल्लेख मागाहून निवडलेले असतात. म्हणून इतिहासकाराची दृष्टी वळते ती वाचकाने स्वतः, त्या त्या वेळी, स्वतःपुरत्या ठेवलेल्या नोंदींकडे. तारीख, ग्रंथनाम, ग्रंथकार, फार तर एखादा शेरा, आणि वर्षअखेरीस एकूण संख्या. हे साधन प्रथमदर्शनी इतके निर्व्याज वाटते की त्याची उलटतपासणी करण्याचे आपल्याला सुचतच नाही. प्रस्तुत लेखात ती करावयाची आहे.

अशा वहीतील एक ओळ म्हणजे काय? एक ग्रंथ, आणि तोही संपलेला. दुसरी ओळ म्हणजे दुसरा ग्रंथ. ओळी वाढत जातात त्या ग्रंथ बदलत जातात म्हणून. याचा अर्थ असा की, ही वही ठेवण्याची कल्पना सुचण्यासाठी आधी पुस्तकांचा पुरवठा व्हावा लागतो, आणि एक संपले की दुसरे मिळेल अशी खात्री असावी लागते. आपल्याकडे ही स्थिती एकोणिसाव्या शतकात हळूहळू येत गेली. रत्नागिरीचे वाचनालय १८२८चे, नाशिकचे १८४०चे, पुण्याचे १८४८चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे आणि मुंबईचे १८९८चे. त्याआधी महाराष्ट्रात वाचन नव्हते असे नाही. वाचनाचे वर्ष होते, पण त्याची घडण अगदी वेगळी होती.

चातुर्मासात, विशेषतः श्रावणात, घरी किंवा देवळात पोथी लागे. श्रीधराचे 'हरिविजय', 'रामविजय', 'पांडवप्रताप', 'शिवलीलामृत' हे ग्रंथ अठराव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत सिद्ध झाले आणि पुढील दोनशे वर्षे या लागणाऱ्या पोथ्यांत त्यांचे स्थान अढळ राहिले. 'गुरुचरित्रा'चा सप्ताह असे. कोणत्या दिवशी कितव्या अध्यायापर्यंत जायचे हे ठरलेले. 'ज्ञानेश्वरी'ची पारायणे असत. एक जण वाची, दहा जण ऐकत, आणि समाप्तीच्या दिवशी प्रसाद होई. पुढच्या श्रावणात तीच पोथी पुन्हा त्याच रुमालातून बाहेर निघे. येथे वर्ष मोजले जाई ते नव्या ग्रंथांनी नव्हे, त्याच ग्रंथाच्या आवृत्तीने. आणि 'आवृत्ती' या शब्दाचा मुद्रणपूर्व अर्थ हाच आहे, हे आपण आता विसरलो आहोत. छापखान्याने तो शब्द वाचणाऱ्याकडून घेतला आणि प्रकाशकाला दिला.

या वाचनाची नोंद कोठे आहे? हस्तलिखिताच्या शेवटी पुष्पिका असते. तीत शक असतो, मिती असते, लेखकूचे नाव आणि क्वचित गावही असते. पण पुष्पिका सांगते ती पोथी कधी उतरवून पूर्ण झाली ते, ती किती वेळा वाचली गेली ते नव्हे. त्यासाठी पुराभिलेखाकडे न जाता पोथीच्याच पानांकडे जावे लागते: बोटांनी गुळगुळीत झालेला कोपरा, तेलाचा डाग, कुंकवाचा ठिपका. पुष्पिका आणि दाते यांची सूची यांच्यात काळाचे केवढे अंतर आहे. पण दोन्ही नोंदी ग्रंथाच्या जन्माच्या आहेत, त्याच्या आयुष्याच्या नव्हेत.

रॉल्फ एंगेलसिंग या जर्मन इतिहासकाराने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात 'वाचनक्रांती' झाली असे मांडले. थोडे ग्रंथ पुन्हा पुन्हा, मोठ्याने, श्रद्धेने वाचण्याच्या सखोल रीतीची जागा अनेक ग्रंथ एकेकदा, मनातल्या मनात वाचण्याच्या विस्तृत रीतीने घेतली, असे त्याचे प्रतिपादन होते. रॉबर्ट डार्न्टनने रूसोच्या वाचकांची पत्रे पुढे ठेवून त्याला हरकत घेतली. त्या वाचकांनी कादंबरीसुद्धा धर्मग्रंथाइतक्याच उत्कटतेने, पुन्हा पुन्हा, रडत वाचली होती. मला डार्न्टनचा आक्षेप ग्राह्य वाटतो. पण मराठीच्या संदर्भात त्याहून एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी लागते. आपल्याकडे एकीने दुसरीची जागा घेतलीच नाही. हरि नारायण आपटे यांची कादंबरी 'करमणूक'मधून आठवड्याआठवड्याने घरात येत होती, आणि त्याच घरात श्रावणात पोथीही लागत होती. फरक पडला तो नोंदीत. वहीत जाऊ शकते ते पहिले वाचन. दुसऱ्या वाचनासाठी वहीत रकानाच नाही. म्हणजे वाचनक्रांतीचा पुरावा म्हणून आपण जी साधने वापरतो, त्यांची घडणच त्या क्रांतीने ठरविलेली आहे. साधन आणि सिद्धांत एकमेकांना साक्ष देत बसतात.

ज्या वहीची आजवर सर्वांत बारकाईने तपासणी झाली, ती एका शास्त्रज्ञाची आहे. चार्ल्स डार्विनने १८३८ साली आपल्या एका टिपणवहीत वाचलेल्या व वाचावयाच्या ग्रंथांच्या याद्या सुरू केल्या, पुढे त्यांसाठी स्वतंत्र वह्या केल्या, आणि १८६०पर्यंत, म्हणजे 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' प्रसिद्ध झाल्यानंतर काही काळपर्यंत, त्या चालू ठेवल्या. शास्त्रीय ग्रंथ एकीकडे आणि इतर वाचन दुसरीकडे, अशी विभागणीही त्याने पुढे केली. विशेष म्हणजे, काही ग्रंथांपुढे ते नुसते चाळल्याचा शेरा आहे. हा प्रामाणिकपणा दुर्मीळ होय. आपल्या प्राध्यापकवर्गाच्या वह्यांत 'चाळले' हा शब्द सापडला तर मला आश्चर्य वाटेल.

या वह्यांत माल्थसच्या लोकसंख्येवरील निबंधाची नोंद ३ ऑक्टोबर १८३८ची आहे. परंतु डार्विनच्या दुसऱ्या एका टिपणवहीत, जीत तो जीवजातींच्या रूपांतराविषयी विचार करीत होता, माल्थसने चेतविलेले टिपण २८ सप्टेंबरचे आहे. आणि १८७६ साली लिहिलेल्या आत्मचरित्रात तो सांगतो की ऑक्टोबर १८३८मध्ये माल्थस त्याने करमणुकीखातर वाचला. तीन साधने, आणि एकाच वाचनाच्या तीन वेगळ्या साक्षी. विचार पेटला तो दिवस एका वहीत, यादीत ओळ पडली तो दिवस दुसऱ्या वहीत, आणि वाचनामागचा हेतू अडतीस वर्षांनंतरच्या स्मृतीत. यांपैकी यादी सर्वांत नेमकी दिसते आणि सर्वांत कमी सांगते. ग्रंथ पूर्ण होण्याआधीच त्याचे काम होऊन गेले होते, हे तिला ठाऊक नाही. करमणुकीखातर उघडलेले पुस्तक शास्त्राच्या इतिहासाला वळण देऊन गेले, हेही तिला ठाऊक असणे शक्य नाही.

२०१७ साली 'कॉग्निशन' या नियतकालिकात जेमी मर्डॉक, कॉलिन अ‍ॅलन आणि सायमन डीडिओ यांनी या वह्यांतील क्रमाचा संगणकीय अभ्यास प्रसिद्ध केला. लागोपाठच्या ग्रंथांच्या विषयांत किती अंतर आहे हे मोजून, डार्विन केव्हा एकाच क्षेत्रात खोदत राहिला आणि केव्हा दूरवर उड्या घेत होता, आणि या कालखंडांची त्याच्या चरित्राशी कशी संगती लागते, हे त्यांनी दाखविले. अभ्यास मोलाचा आहे. परंतु त्यात मोजले गेले ते ग्रंथाग्रंथांमधील अंतर. वाचक आणि ग्रंथ यांच्यातील अंतर मोजण्याची सोय यादीत नव्हती, म्हणून ती अभ्यासातही आली नाही.

त्याच आत्मचरित्रात डार्विन म्हणतो की, आपण वाचलेल्या आणि टिपणे काढलेल्या ग्रंथांची यादी पाहिली की आपल्याला आपल्याच उद्योगशीलतेचे नवल वाटते. म्हाताऱ्या वाचकाला आपली वही परक्याची वाटावी, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. आणि थोड्याच पानांच्या अंतरावर तो एक खंत नोंदवितो. तरुणपणी आवडणारी कविता आता सोसवत नाही, शेक्सपिअरने तर अगदी कंटाळा येतो. पण कादंबऱ्या मात्र आवडतात, आणि त्या त्याला मोठ्याने वाचून दाखविल्या जातात. १८६०पाशी थांबलेल्या वहीत या कादंबऱ्या कोठून येणार? पण समजा ती चालू असती, तर त्या ओळी कोणाच्या नावे पडल्या असत्या? डार्विनच्या, की वाचणाऱ्याच्या? युरोपीय शास्त्राच्या या शिखरपुरुषाचे उतारवयातील ललित वाचन आणि आपल्या चातुर्मासातील पोथी या दोहोंचे व्याकरण एकच आहे: एकाचा आवाज, दुसऱ्याचे कान.

वहीचे दुसरे एक रूप तुरुंगात दिसते. १० मार्च १९२२ रोजी अटक झाल्यावर आणि १८ मार्चला सहा वर्षांची शिक्षा ठोठावली गेल्यावर गांधींना येरवड्याला आणण्यात आले; ५ फेब्रुवारी १९२४ रोजी, पुण्यातच ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया झाल्यानंतर, ते सुटले. या काळातील त्यांच्या रोजनिशीत पुस्तके पूर्ण केल्याच्या नोंदी आहेत, आणि सुटकेनंतर 'यंग इंडिया'त लिहिलेल्या तुरुंगातील अनुभवांत या वाचनाचा वृत्तांत आहे. कैद्याला दिवस मोजावेच लागतात. गांधींनी ते सूत आणि ग्रंथ यांनी मोजले. येथे आपल्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की, या वाचनात गिबनचा रोमन साम्राज्याचा इतिहास आणि महाभारत शेजारी शेजारी आले, आणि गांधींनी दोघांची तुलना करून महाभारताला वरचे स्थान दिले. त्या निवाड्याशी सहमत व्हावे की नाही हा प्रश्न वेगळा. पण यादीपुरते पाहिले तर गिबन आणि महाभारत यांचे वजन सारखेच भरते. एक लहानपणापासून कानांवर पडत आलेला ग्रंथ आहे आणि दुसरा प्रौढपणी तुरुंगात हाती आलेला. यादीला हा भेद करता येत नाही.

मी स्वतः गेली अठरा वर्षे अशी वही ठेवतो. मध्यंतरी ती चाळताना लक्षात आले की, वर्गात शिकविण्यासाठी दर वर्षी जे 'लीळाचरित्र' मी वाचतो ते वहीत एकदाच आहे, पहिल्या वर्षी. नंतरची सारी वाचने मी 'तयारी' या सदरात टाकली आणि वहीबाहेर ठेवली. ज्या ग्रंथाने माझी भाषेची जाण घडविली, तो माझ्याच वार्षिक संख्येत शून्य भरतो. आणि प्रवासात हातावेगळी केलेली एखादी रहस्यकथा एक भरते.

ही वही ठेवण्याची खोड मी विद्यार्थ्यांनाही लावली. काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गाला मी वर्षभराच्या वाचनाची नोंद ठेवावयास सांगितले आणि तिला अंतर्गत मूल्यमापनाचे गुण ठेवले. एका विद्यार्थिनीने चार ओळींची यादी आणून दिली. त्या चारही नोंदी अभ्यासक्रमातील पुस्तकांच्या होत्या. मी तिला कमी गुण दिले, आणि वर्गात सर्वांसमोर चार शब्द ऐकविलेही. पुढे एकदा 'पांडवप्रताप'मधील एक प्रसंग मी काहीसा चुकीचा सांगितला तेव्हा तिने तो अध्यायासकट दुरुस्त केला. हे कसे ठाऊक, म्हणून विचारले. आजीची दृष्टी अधू झाल्यापासून गेली चार वर्षे श्रावणात ती आजीला रोज संध्याकाळी पोथी वाचून दाखवीत होती. मग ते यादीत का लिहिले नाहीस? तिचे उत्तर असे होते : "सर, ते माझं वाचन नव्हतं. पोथी आजीची. मी नुसती वाचत होते."

तिचे गुण मी बदलून घेतले. त्यासाठी जी लेखी कारणे द्यावी लागली, त्यांतूनच या लेखाचा पहिला मसुदा तयार झाला. दुसऱ्या वर्षी नोंदीचा तक्ता नव्याने आखताना मी 'पूर्ण केल्याचा दिनांक' हा रकाना काढून टाकला आणि 'कितवे वाचन' व 'कोणाबरोबर' असे दोन रकाने घातले. विभागात त्यावर मतभेद झाला. दुसऱ्या रकान्याचा मूल्यमापनाशी संबंध काय, असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, आणि त्यांचा प्रश्न त्यांच्या बाजूने रास्तच होता, कारण गुण एका विद्यार्थ्याला द्यायचे असतात, दोन वाचकांना नव्हे. तक्ता तरीही तसाच राहिला. गेल्या काही वर्षांत भरून आलेले ते तक्ते मी जपून ठेवले आहेत. 'कोणाबरोबर' हा रकाना बहुतेक रिकामाच असतो. पण जेथे तो भरलेला आहे, तेथे आई, आजी, वसतिगृहातील मैत्रीण, आणि एका ठिकाणी 'कापसाच्या वेचणीवर, सगळ्या बाया' असे लिहिलेले आहे. त्या शेवटच्या नोंदीपुढे ग्रंथनामाच्या जागी अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' आहे, आणि 'कितवे वाचन' या रकान्यात आधी एक आकडा लिहून मग तो खोडला आहे.