आल्याला शिंग कुठून आले?

इंग्रजी ‘जिंजर’चे मूळ सांगताना जुने कोश लॅटिन ‘झिंगिबेर’ आणि ग्रीक ‘झिंगिबेरिस’ यांवरून थेट संस्कृत ‘शृंगवेर’वर येऊन थांबतात. शृंगवेर म्हणजे शिंगासारखे अंग असलेले. बोटे फुटलेला आल्याचा गड्डा पाहिला की ही व्युत्पत्ती लगेच पटते, आणि संशय घ्यावा तो तिथेच. ‘वेर’ म्हणजे शरीर हा अर्थ कोशांबाहेर क्वचितच भेटतो. तमिळमध्ये मात्र ‘वेर’ म्हणजे मूळ, अगदी रोजच्या बोलण्यातला शब्द. वाळ्याला इंग्रजीत ‘वेटिव्हर’ म्हणतात, तेही याच ‘वेर’मुळे. आल्याला तमिळ ‘इंजी’ म्हणते. तेव्हा ‘इंजी-वेर’ म्हणजे आल्याचे मूळ, आणि ‘शृंगवेर’ हे त्याचेच संस्कृतात वाकवलेले रूप असावे. ग्रीक रूपही संस्कृतपेक्षा पालीतल्या ‘सिंगिवेर’च्या जवळचे आहे. व्यापाऱ्यांच्या तोंडी पंडिती ‘शृं’ नव्हता, असाच याचा अर्थ. बिचाऱ्या रोमन लेखक प्लिनीला तर आले हे अरबस्तानातले पीक वाटले. रोममधला भाव मात्र त्याने चोख टिपला, पौंडाला सहा दिनार!

या तमिळ व्युत्पत्तीवर आक्षेप असा, की ‘इंजी’च्या आरंभी ‘स’ नाही, मग पालीत तो आला कुठून? द्राविडी भाषांत आरंभीचा च-स तमिळने बऱ्याच शब्दांत गमावलेला आहे. ‘देणे’ या अर्थी तमिळमध्ये ‘ई’, तर गडचिरोली-चंद्रपूरकडच्या गोंडीत ‘सी’. म्हणजे ‘स’ पालीने जोडलेला नाही, तो तमिळमधून गळाला. दुसरा आक्षेप अधिक भावनिक आहे: संस्कृतसारखी काटेकोर भाषा परका शब्द असा वाकवील का? का नाही? अनोळखी शब्दात ओळखीचा अर्थ शोधण्याची खोड सगळ्याच भाषांना आहे. जुन्या फ्रेंचमध्ये पाकवलेल्या आल्याला ‘जिंजिब्रास’ म्हणत. इंग्रजांना त्यातल्या ‘ब्रास’मध्ये ‘ब्रेड’ ऐकू आला, आणि पुढे जिंजरब्रेड नावाचा खराखुरा केकही झाला. संस्कृतने शिंग लावले, इंग्रजीने पाव. ‘जिंजर’ या एका शब्दाच्या प्रवासावर ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ अ‍ॅलन रॉस यांनी 1952 साली अख्खे पुस्तक लिहिले, ते उगाच नव्हे.

मराठी या भानगडीत पडलीच नाही. अमरकोशात ‘आर्द्रक’ आणि ‘शृंगवेर’ शेजारी-शेजारी आहेत. आपण त्यातले आर्द्रक, म्हणजे ओले, तेवढे उचलले आणि त्याचे ‘आले’ केले. वाळले की ती सुंठ. इंग्रजीत दोन्ही जिंजरच.