उपग्रह आणि गुरुजी

शाळेत एखादे नवे यंत्र येते तेव्हा त्याचे मोठे स्वागत होते. नारळ फुटतो, यंत्राला हार घातला जातो, पाहुण्यांचे भाषण होते. पुढे वर्ष-दोन वर्षांनी पाहावे, तो तेच यंत्र मुख्याध्यापकांच्या खोलीतील कपाटात कुलूपबंद होऊन पडलेले असते. याचा दोष बहुधा शिक्षकाच्या माथी मारण्यात येतो. परंतु ते यंत्र आणताना शिक्षकाला कोणी विचारलेले नसते, आणि त्याच्या साहाय्याने शिकवावे कसे, हेही त्याला कोणी शिकविलेले नसते. भारतातील शैक्षणिक दूरचित्रवाणीचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. कारण त्या इतिहासात एक प्रसंग असा घडला की, पडद्यापुढील मुलांच्या जागी गुरुजीच विद्यार्थी होऊन बसले.

१५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. त्या वेळी दूरचित्रवाणी हे आकाशवाणीचेच एक अंग होते. दोन वर्षांनी, १९६१ मध्ये, फोर्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने दिल्लीतील माध्यमिक शाळांसाठी नियमित पाठ दाखविले जाऊ लागले. शाळांत विद्यार्थ्यांची गर्दी वाढत होती. प्रयोगशाळा अपुऱ्या होत्या आणि विज्ञानाचे चांगले शिक्षक थोडे होते. एका कुशल अध्यापकाने कलागृहात प्रयोग करून दाखवावा आणि तो शेकडो वर्गांनी एकाच वेळी पाहावा, अशी ही योजना होती. पाठापूर्वी वर्गशिक्षकाने प्रस्तावना करावी आणि पाठ संपल्यावर शंकांचे निरसन करावे, असेही अपेक्षित होते. म्हणजे पडद्यावरचा अध्यापक आणि वर्गातला अध्यापक अशा दोघांच्या खांद्यांवर हा पाठ उभा होता. मात्र वर्गातल्या अध्यापकाकडे आलेले काम बव्हंशी दाराशी उभे राहून पाहुण्यांची ओळख करून देणाऱ्या यजमानाचे होते.

शहरापुरती ही सोय ठीक होती. खेड्यांचे काय, हा प्रश्न राहिलाच. मनोऱ्यांची साखळी उभारीत गावोगाव पोहोचावयाचे, तर त्याला कित्येक वर्षे लागली असती. डॉ. विक्रम साराभाई यांनी वेगळा मार्ग सुचविला. आकाशातील उपग्रहावरून चित्र थेट खेड्यात उतरवावे, हा तो मार्ग होय. सप्टेंबर १९६९ मध्ये भारताचा अणुऊर्जा विभाग आणि अमेरिकेची अंतराळसंस्था नासा यांच्यात तसा करार झाला. डिसेंबर १९७१ मध्ये साराभाई निवर्तले. त्यांचे स्वप्न साकार करण्याची जबाबदारी अहमदाबाद येथे प्रा. यशपाल आणि त्यांचे सहकारी यांच्यावर येऊन पडली. या प्रयोगाचे व्यवस्थापन मूळचे कोल्हापूरचे असलेले डॉ. एकनाथ वसंत चिटणीस यांच्याकडे होते.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्षभर नासाचा एटीएस-६ हा उपग्रह भारताच्या सेवेस होता. आंध्र प्रदेश, ओरिसा, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी निवडण्यात आली होती. गावातील शाळेवर किंवा अन्य सार्वजनिक इमारतीवर तारेच्या जाळीची, सुमारे तीन मीटर व्यासाची छत्री उभी राहिली. कोंबड्यांच्या खुराड्याला लावावी तशी ती जाळी! पण तिच्यातून छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरचे चित्र घरंगळत गावात उतरले. सकाळी दीड तास शाळेच्या मुलांसाठी आणि संध्याकाळी प्रौढांसाठी कार्यक्रम होत. ते हिंदी, कन्नड, उडिया आणि तेलुगू या चार भाषांत असत. एकाच चित्राला दोन भाषांचे ध्वनी जोडण्याची सोयही उपग्रहावर होती.

मुलांना नवल वाटले, यात शंका नाही. परंतु योजनाकारांपुढे एक जुना प्रश्न उभा होता. प्रत्येक भाषेतील मुलांच्या वाट्याला सकाळची जेमतेम वीस-बावीस मिनिटे येत. उरलेला दिवस शाळा कोणाच्या हाती? ती त्याच शिक्षकाच्या हाती असे. त्याला कित्येकदा एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता सांभाळाव्या लागत, आणि विज्ञान शिकविण्याची त्याची स्वतःची तयारी बेताचीच असे. पडद्यावर बीज अंकुरताना दिसावे आणि पडदा बंद होताच ‘बीज म्हणजे काय’ याची व्याख्या घोकून घ्यावी, असे झाले तर उपग्रहाचा उपयोग तो काय?

यासाठी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने एक योजना आखली. ऑक्टोबर १९७५ मध्ये आणि पुन्हा १९७६ च्या उन्हाळ्यात बारा-बारा दिवसांचे वर्ग भरविण्यात आले. दर खेपेस सुमारे २४,००० प्राथमिक शिक्षक या खेड्यांत गोळा झाले. एवढ्या शिक्षकांना एखाद्या शहरी प्रशिक्षण विद्यालयात बोलावणे अशक्यच होते. येथे विद्यालयच त्यांच्याकडे चालून आले.

या वर्गांची रचना विचारपूर्वक केलेली होती. नुसते चित्र पाहून माणूस शिकत नाही, हे तिच्या मुळाशी होते. शिक्षकांनी आधी दूरचित्रवाणीवरील पाठ पाहावा; त्याला पूरक असा आकाशवाणीवरील कार्यक्रम ऐकावा; हाती दिलेली छापील पुस्तिका वाचावी; तिच्यात सांगितलेले प्रयोग स्वतःच्या हातांनी करावेत; आणि अखेरीस स्थानिक मार्गदर्शकासह त्यांवर चर्चा करावी. हे मार्गदर्शक आधीच तयार केलेले होते. साहित्यही महागडे नव्हते. परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंतून विज्ञान शिकविता येते, हाच त्यातला मुख्य धडा होता. आयुष्यभर फळ्यासमोर उभे राहिलेले गुरुजी बाकावर बसून धडपडले. एखादा प्रयोग फसणे म्हणजे काय आणि तो का फसला हे शोधणे म्हणजे काय, हे त्यांना शिष्याच्या भूमिकेतून पाहावयास मिळाले.

प्रयोगानंतर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष बोलके आहेत. सकाळचे कार्यक्रम पाहणाऱ्या मुलांची भाषा सुधारली, त्यांची जिज्ञासा वाढली; पण शालेय विषयांतील त्यांच्या प्रगतीत किंवा हजेरीत लक्षणीय फरक पडला नाही. उलट शिक्षकांच्या वर्गांचा परिणाम स्पष्ट दिसला. त्यांच्या विज्ञानविषयक ज्ञानात भर पडली होती. यंत्र तेच, उपग्रहही तोच. मुलांच्या वाट्याला चित्र आले होते. शिक्षकांच्या वाट्याला चित्राबरोबर पुस्तिका, प्रयोग आणि प्रश्न विचारावयास समोर बसलेला माणूसही आला होता.

३१ जुलै १९७६ नंतर तो उपग्रह पुन्हा पश्चिमेकडे नेण्यात आला आणि पुष्कळ गावांतील पडदे काळे झाले. मात्र जे शिक्षकांच्या हातांत उतरले होते, ते कोणाला परत नेता येणारे नव्हते.

पुढे भारताचे स्वतःचे इन्सॅट उपग्रह आले. १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी ही संस्था सुरू झाली आणि मराठी मुलांना त्यांच्या भाषेतून शैक्षणिक कार्यक्रम मिळू लागले. ती संस्था २०१७ मध्ये बंद पडली. १९९६ मध्ये कर्नाटकातील शिक्षकांसाठी असे वर्ग भरले की, त्यांत पडद्यावरील तज्ज्ञाला दूरच्या केंद्रात बसलेल्या शिक्षकाने तिथल्या तिथे प्रश्न विचारावा. केवळ शिक्षणासाठी बनविलेला एज्युसॅट हा उपग्रह २० सप्टेंबर २००४ रोजी अवकाशात गेला. २०२० मध्ये महामारीने शाळांची दारे बंद केली, तेव्हा शिक्षकांचे प्रशिक्षण संगणकाच्या आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर येऊन पोहोचले.

छत्री गेली, पडदा लहान होत होत तळहातावर मावला. दर पिढीला नवे यंत्र मिळते आणि दर पिढीत त्याला हार घातला जातो. त्या समारंभाच्या वेळी १९७५ सालच्या त्या खेड्यांची आठवण कोणी ठेवील, तर यंत्राची किंमत ठरविताना आणखी एक आकडा तो लिहून ठेवील : ते वापरणाऱ्या गुरुजींना शिकावयास दिलेले दिवस किती?